कदम, पण कुठले कदम?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेत हजेरी घेताना नुसते ‘कदम’ म्हणून भागत नाही. चार हात वर होतात. शिंदे, पवार, जाधव, सावंत यांचेही तेच. मग शिक्षक न सांगता एक युक्ती वापरू लागतात : खालच्या वाडीतला कदम, देवळाकडचा कदम, पऱ्याच्या पलीकडचा कदम. मुलांची तर ही रोजचीच भाषा असते. जुन्या कागदांतून पूर्वज शोधू पाहणाऱ्याला हीच युक्ती वापरावी लागते. फरक इतकाच, की तिथे ‘हजर’ म्हणायला कोणी उरलेले नसते.

असा शोध घेणारे दोन प्रकारचे लोक आपल्याकडे दिसतात. एक इथलेच : कुलवृत्तांत लिहिणारे, जमिनीच्या वाटण्या उलगडणारे, अलीकडे जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी असलेले. दुसरे दुरून येतात, मॉरिशसहून. हातात एका नोंदीची प्रत असते, तिच्यावर एक नाव, बापाचे नाव, वय, उंची आणि ‘रुटनागेरी’ असा काहीसा शब्द. प्रश्न एकच असतो : आमचे गाव कुठले?

मॉरिशसची हकिकत थोडक्यात सांगायला हवी. तिथली गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १८३४ पासूनच करारावर भारतीय माणसे नेण्यास सुरुवात झाली होती. हालअपेष्टांच्या तक्रारींमुळे १८३९ मध्ये ही वाहतूक थांबवली गेली, आणि १८४२ मध्ये काही नियम घालून पुन्हा खुली झाली. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले संख्येने बरेच कमी, पण त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे मोठ्या प्रमाणात होती. आजचा मॉरिशसमधला मराठी समाज मुख्यतः त्यांचाच. पोर्ट लुईमध्ये ही माणसे ज्या घाटावर उतरत तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. त्यांच्या नोंदींची पुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत.

ही पुस्तके आमच्या मते फार मोलाची आहेत, आणि त्याचे कारण त्यांतला आकडा. बेटावर उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिला जाई आणि तो त्याला जन्मभर चिकटे. त्याच्या पासावर, कागदपत्रांत, पुढे लग्नाच्या किंवा मुलांच्या नोंदींतही तो सापडू शकतो. माणसाला आकड्याने ओळखणे ही त्या व्यवस्थेतली क्रूर गोष्ट होती यात शंका नाही. पण दीडशे वर्षांनी त्याच आकड्यामुळे एक ‘रामा’ दुसऱ्या ‘रामा’पासून वेगळा काढता येतो. नाव दहाजणांचे असते, आकडा एकाचाच. म्हणून मॉरिशसच्या बाजूने शोध बऱ्यापैकी सरळ जातो : पणजोबाचा दाखला, दाखल्यावरून क्रमांक, क्रमांकावरून जहाज, तारीख आणि मूळ गावाची नोंद.

खरी अडचण जहाज मुंबईला परत आणल्यावर सुरू होते. नोंदीत बहुधा आडनाव नसतेच. कारकुनाने नाव विचारले, माणसाने ‘धोंडू’ म्हणून सांगितले, बापाचे नाव विचारले, ‘रामा’. लिहिणारा इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा, तेव्हा धोंडूचा ‘दोंडू’ झाला. पुढच्या पिढीत तिथल्या कायद्याला आडनाव हवे होते, म्हणून आज्याचे पाळण्यातले नावच आडनाव होऊन बसले. हेन्रिएटा या गावी १८९६ साली मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव ज्या कुटुंबाने केला असे सांगतात, त्याचे आडनाव भिवाजी. हे आपल्याकडे आडनाव नाही, कोणा भिवाजीचे नाव आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. तेव्हा तिकडून ‘आमचे आडनाव इकडे कोणाचे आहे?’ असे विचारत येणाऱ्याला पहिले उत्तर निराशेचे द्यावे लागते : त्या आडनावाचे घर इथे मिळणार नाही, तो शोध सोडा आणि गावाचे नाव काय लिहिले आहे ते पाहू या.

गावाच्या नावातही खाचखळगे आहेत. आज ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंतचा भाग. पण १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण, देवगड, कणकवली, वेंगुर्ले हे सारे रत्नागिरीतच होते. उलट सावंतवाडी हे १९४८ पर्यंत निराळे संस्थान. म्हणजे १८५० च्या सुमाराचा ‘रत्नागिरी जिल्ह्यातला’ माणूस मालवणचा असू शकतो, सावंतवाडी शहरातला मात्र नसावा. तालुक्यांची नावेही बदलली. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी किल्ल्यांवरून पडलेली तालुक्यांची नावे जुन्या कागदांत येतात; आजच्या नकाशात तालुका म्हणून ती शोधणारा फसतो. त्यात एकाच नावाची अनेक गावे. शिरगाव रत्नागिरी तालुक्यात आहे, चिपळूण तालुक्यात आहे आणि देवगड तालुक्यातही आहे. नोंदीत नुसते ‘शिरगाव’ असेल आणि तालुक्याचे नाव वाचता येत नसेल, तर प्रामाणिक माणसाने तिथेच थांबून तिन्ही शक्यता कागदावर मांडाव्यात. मनाला पटते ते एक शिरगाव निवडून, तिथल्या देवळात नारळ फोडून पाहुण्यांना परत पाठवणे सोपे असते. खरे असेलच असे नाही.

याच जातीच्या अडचणीने दुसरा एक देश गेली शंभर वर्षे गांजलेला आहे. आयर्लंडमधून एकोणिसाव्या शतकात लाखो माणसे अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांचे वंशज आज मर्फी, केली, ओसलिव्हन अशी आडनावे घेऊन मूळ गाव शोधत येतात, आणि ही आडनावे तिकडे आपल्या कदम-शिंद्यांइतकीच उदंड आहेत. त्यात ३० जून १९२२ रोजी, यादवीच्या धुमश्चक्रीत, डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमारींची घरोघरची पत्रके बहुतेक त्या आगीत गेली. त्यापुढच्या चार खानेसुमारींची पत्रके सरकारनेच आधी रद्दीत काढली होती. संपूर्ण राहिली ती १९०१ आणि १९११ ची. मग आयरिश लोकांनी काय केले? ते जमिनीकडे वळले. १८४७ ते १८६४ या काळात तिथे प्रत्येक शेत आणि घर कोणाच्या कब्जात आहे याची सरकारी आकारणी झाली होती; ती छापलेली असल्यामुळे वाचली. तिच्यात एका खेड्यात दोन जॉन मर्फी आले, की लिहिणाऱ्याने एकापुढे कंसात बापाचे नाव घातलेले दिसते, किंवा ‘तांबडा’ यासारखे टोपणनाव. आपल्या मोडी कागदांतल्या ‘धोंडू बिन रामा’ची आठवण यावी असेच हे. तिथले जाणकार नवख्याला आधी खेड्याचे नाव आणा, मगच आडनावाचे बोलू, असे सांगतात.

आपल्याकडे तर खानेसुमारीचा आधार पहिल्यापासूनच नाही. पहिली जनगणना १८७२ ची, नंतर १८८१ पासून दर दहा वर्षांनी; पण त्यांचे छापील आकडे मिळतात, माणसांची नावे नाहीत. १८८१ च्या मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वा लाखाहून अधिक माणसे होती हे आपल्याला कळते. त्यांत आपला पणजोबा होता का, हे कळत नाही. म्हणून इथेही वाट जमिनीवरूनच जाते.

रत्नागिरीत ही वाट खोतीतून जाते. पुष्कळशा गावांत सरकारचा सारा भरणारा खोत आणि त्याच्या हाताखाली कसणारी कुळे अशी रचना होती. ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याची मोजणी झाली, १८८० साली खोतांसाठी वेगळा कायदा आला, आणि खोती गावांत कुळांच्या हक्कांची नोंद करणारे ‘बोटखत’ तयार झाले. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. तिच्यातून आजचा सातबारा आणि फेरफार उगवले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोतीच गेली. या साऱ्या कागदांना जोडणारा धागा म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर. माणसांची नावे बदलतात, आडनाव कधी लागते कधी गळते, पण डोंगरउतारावरचा तो तुकडा तिथेच राहतो. आजच्या सातबाऱ्यावरून जुना नंबर, त्यावरून फेरफार, फेरफारावरून वारसाची नोंद, असे एकेक पायरी मागे गेले की तीन-चार पिढ्या बहुधा लागतात. आडनाव या प्रवासात शेवटी तपासायचे असते.

ही वाट सर्वांना खुली नाही, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांच्या नावे जमीन नव्हती त्यांची नावे या कागदांत क्वचितच येतात. मॉरिशसला गेलेल्यांत अशी घरे थोडी नसणार. पोटाला पुरेसे असते तर समुद्रापलीकडे कोण गेले असते? स्त्रियांचेही तेच. जुन्या दप्तरात बाई येते ती ‘कोम’ या शब्दामागून, म्हणजे अमक्याची बायको म्हणून. तिचे माहेरचे गाव कोणते, बाप कोण, हे कागद सांगत नाही.

आता नावांच्या सापळ्याविषयी, कारण त्यात आम्ही स्वतः अडकलो होतो. आपल्याकडे नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची चाल. धोंडूचा मुलगा रामा, रामाचा मुलगा धोंडू, त्याचा पुन्हा रामा. कागदात एके ठिकाणी ‘धोंडू बिन रामा’, दुसरीकडे ‘रामा बिन धोंडू’, तिसरीकडे परत ‘धोंडू बिन रामा’. एका घराण्याची वंशावळ जुळवताना आम्ही पहिला आणि तिसरा एकच धरला. वंशावळ छान जमली. कोणीतरी सहज हिशेब करून दाखवला, की या धोंडूला शंभराव्या वर्षी मुलगा झाला असे आपण लिहिले आहे. तेव्हापासून आम्ही एक साधा नियम पाळतो : प्रत्येक नावापुढे निदान अंदाजे जन्मसाल लिहायचे आणि बाप-लेकात वीस ते चाळीस वर्षांचे अंतर पडते का ते पाहायचे. आठवीच्या मुलांनाही जमेल अशी ही तपासणी आहे, आणि छापून आलेल्या काही वंशावळी तिच्यात टिकत नाहीत.

सालांचा हिशेब मात्र सांभाळून करावा लागतो. शके असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी एकोणऐंशी). शके १७८० म्हणजे इ. स. १८५८-५९. पेशवाईतल्या कागदांत सुरसन येतो, तोही अरबी शब्दांत. ‘सीत सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले पाहून घाबरायचे कारण नाही : सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५, आणि सुरसन मृगाच्या सुमारास बदलतो म्हणून १७७५-७६. मोडी लिपी हा दुसरा अडसर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि ओळ आधी मारून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे. पाच-सहा महिने चिकाटीने वाचले की हात बसतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावची मोडी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत ते सगळ्यांच्याच ध्यानात आले. एका शब्दाच्या वाचनावर कोणाचा तरी दाखला अवलंबून असतो. ‘कु’ की ‘का’ हा तिथे हौसेचा प्रश्न राहत नाही.

कागद संपले की माणसांना विचारावे. पण ‘तुमचे मूळ पुरुष कोण?’ असे विचारले की शंभरातल्या नव्वद ठिकाणी एखाद्या राजघराण्याचे नाव ऐकायला मिळते. कदमांना बनवासीचे किंवा गोव्याचे कदंब राजे सांगितले जातात. नावांतले साम्य मोहक आहे, परंतु मधल्या शतकांचा एकही दुवा हाती नसताना त्याला पुरावा म्हणता येत नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. तुम्हांला कोणत्या घरांचे सुतक लागते? कुळधर्माला कोण एकत्र येतात? शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात जाते? ‘थोरले घर’ कोणते म्हणतात? एकाच गावातल्या दोन कदमवाड्यांचे परस्परांना सुतक नसेल, तर आडनाव एक असूनही ती वेगळी घराणी असण्याचा संभव मोठा. असे सूत्र बखरीत नसते, म्हातारीच्या तोंडी असते.

कोकणस्थांनी विसाव्या शतकात जे कुलवृत्तांत छापले त्यांतही जोशी आडनावाने असाच घोळ घातला. जोशी हा मुळात व्यवसाय. गावोगावचे ज्योतिषी जोशी झाले, त्यांचा एकमेकांशी संबंध असण्याचे कारण नाही. तिथे गोत्र, मूळ गाव आणि कुलदैवत या तीन खुणा लावून जोशी वेगळे करावे लागले. ‘कर’ लावलेली आडनावे सोपी वाटतात, पण पावसकर म्हणवणारा पावस सोडून गेलेला असतो. पावसात राहणाऱ्याला पावसकर कोण म्हणणार? म्हणून ते आडनाव घराणे सांगत नाही, निघाल्याचे ठिकाण सांगते, आणि एका ठिकाणाहून अनेक घराणी निघू शकतात.

कोणाला वाटेल, आता रक्ताची तपासणी आहे, मग कागदांचा खटाटोप कशाला? पुरुषाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आडनावासारखेच बापाकडून येते हे खरे. आयर्लंडमध्ये या गुणसूत्रांची आडनावांशी तुलना करणारे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात काही आडनावांचे बहुतेक पुरुष एका मूळ पुरुषाकडे जाताना दिसले. मर्फी आणि केली यांसारख्या उदंड आडनावांत मात्र अनेक मूळ पुरुष निघाले. म्हणजे आडनाव जितके सामान्य, तितका त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा. आणि हे सारे एका रेषेचे झाले. आठ पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला २५६ पूर्वजांच्या जागा असतात; आडनाव आणि वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाचीच गोष्ट सांगतात. उरलेल्या २५५ जणांत किती शिंदे, किती सावंत आणि किती बिनआडनावाच्या बाया असतील! आडनावे कशी वाढतात आणि कशी विझतात हा गणिती प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली जाहीरपणे विचारला तो इंग्लंडातल्या एका शिक्षणविषयक मासिकातच, हे आमच्या वाचकांना आवडावे. केवळ योगायोगाने काही घराण्यांत मुलगे होत राहतात आणि काहींत थांबतात. एवढ्यानेही शेदोनशे वर्षांत थोडी आडनावे पसरतात आणि बाकीची नाहीशी होतात. त्याला पराक्रम लागत नाही.

आता शाळेच्या कपाटाकडे येऊ. जुन्या प्राथमिक शाळांत ‘जनरल रजिस्टर’ असते. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, इतके सगळे एका ओळीत. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचे पुस्तक, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसीलदार कचेरीत मागावे लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या पाहायला तिथे जावे लागते. जनरल रजिस्टर मात्र आपल्याच हाताशी असते. एका गावी आम्ही ते पाहायला मागितले, तर पहिले पुस्तक वाळवीने मधोमध कोरलेले निघाले : नावे होती, बापांची नावे गेली होती. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, भिंतीला टेकवलेले लाकडी कपाट, आणि कोणीच जबाबदार नसलेली उन्हाळ्याची सुटी, याचा तो परिणाम. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, रजिस्टर खालच्या फळीवर न ठेवणे, आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने पानापानाची छायाचित्रे काढून ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे, एवढे एका शनिवारी होते. जात आणि जन्मतारीख या खाजगी गोष्टी असल्यामुळे ती छायाचित्रे कोणाच्याही हाती द्यायची नाहीत, हेही पाहावे.

जुनी पाने वाचायला मिळाली तर दहावीच्या मुलांना एकच काम द्यावे : पन्नास वर्षांतले सगळे कदम काढा आणि त्यांना आडनावाने नव्हे, वाडीने आणि बापाच्या नावाने गटांत लावा. किती गट पडतात ते आधी कोणालाच माहीत नसते, शिक्षकांनाही नाही.

मॉरिशसच्या पाहुण्यांचा शोध बहुतेक वेळा गावापर्यंत येऊन थांबतो. वाडीपर्यंत गेला तर नशीब. ते सांगितले की ते थोडा वेळ गप्प राहतात आणि मग हातातल्या प्रतीतल्या एका रकान्यावर बोट ठेवतात. तिथे उतरणाऱ्याच्या अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात, कुठे देवीचे व्रण, कुठे भुवईवरचा जुना घाव. त्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणतात, एवढेच त्यांना विचारायचे असते.